झाकलेला पिंजरा

१

शनिवारचा माझा दिवस ठरलेल्या क्रमाने जायचा. तो क्रम जरा मोडला तरी माझ्या छातीत धडधड सुरू व्हायची. ओमाहाच्या एका हॉटेलच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर आमचं रेडिओ स्टेशन होतं. दुपारी पोचायचं, कोट खुंटीला अडकवायचा, आणि आवाजांच्या टेबलावर माझा संसार मांडायचा. घोड्यांच्या टापांसाठी करवंट्या, बर्फातल्या पावलांसाठी मक्याच्या पिठाची कापडी पिशवी, आगीसाठी चुरगळलेला सेलोफेन. वाङ्मयाची पदवी घेऊन मी मास्तरीण व्हायला निघाले होते. पण मंदीच्या त्या वर्षांत शाळाच एकेक करून बंद पडत होत्या.

"एवढं शिकून शेवटी डबेच आपटायचे होते," माझी तेता म्हणायची, "तर माझ्या स्वयंपाकघरात आपटायचेस की गं! निदान पोळ्या तरी झाल्या असत्या."

तेता म्हणजे माझ्या आईची बहीण. आई गेल्यापासून मी तिच्याकडेच, दक्षिण ओमाहात, आमच्या चेक लोकांच्या गल्लीत राहत होते. तिला या जगात माझ्याशिवाय कुणी नव्हतं, आणि मला तिच्याशिवाय.

आमच्या धंद्याचे दोन नियम होते. पहिला, खरा आवाज माइकवर खोटा वाटतो, म्हणून खऱ्यासाठी नेहमी दुसरंच काहीतरी वापरायचं. दुसरा, आवाजवाल्याला तोंड नसतं. इमारत जळाली तरी टेबलापाशी बोलायचं नाही. मी जात्याच भित्री असल्यामुळे हा दुसरा नियम मला फार सोपा गेला.

शनिवारी संध्याकाळी आमचा 'कबुली' हा कार्यक्रम व्हायचा. एखादा गाजलेला खून घ्यायचा आणि खुन्याच्याच तोंडून तो सांगायचा. खुनी दर आठवड्याला नवा असायचा, पण त्याचा आवाज करणारा माणूस एकच, लायल मेरिक.

लायलचं खरं नाव वेगळं होतं, ते त्याने कुठल्याशा शेतावर सोडून दिलं होतं. उंच, देखणा, नेहमी गळ्याला करडा मफलर. आवाज असा की कानाशी नाही, मानेवर ऐकू यावा. पण आवाजाला चेहरा नसतो, हेच त्याचं दुःख होतं. खाली कॉफीच्या दुकानात तो मुद्दाम मोठ्याने स्वतःचं नाव घ्यायचा. वाढणारी पोरगी ढिम्म. मग तो तिच्याकडे वाकून खुन्याच्या आवाजात हळूच म्हणायचा, "साखर जरा जास्त घाल हं, बाई." तिच्या हातावर काटा यायचा, आणि लायल लहान मुलासारखा खूश व्हायचा.

"बघितलंस, चिमणे? आता ओळखलं!"

मी दचकते म्हणून तो मला चिमणी म्हणायचा. माझ्यावर त्याचा जीव आहे असं मी धरून चालले होते. तसं कारणही होतं. त्याचा शेवटचा कबुलीचा भाग तो एकटा बसून करायचा, कॉरिडॉरच्या टोकाला, हॉटेलच्या जुन्या न्हाणीघरात. तिथल्या फरशांवरून आवाज विहिरीतून आल्यासारखा यायचा. दिवा बंद, दार बंद. भाग संपल्यावरही तो तासभर बाहेर यायचा नाही, आणि तोवर कुणी दार ठोठावायचं नाही, हा दंडक होता. मी स्टुडिओत कानाला हेडफोन लावून त्याला आवाज पुरवायचे. प्रत्येक आवाजासाठी तो थांबायचा. माझा आवाज झाला की जिभेने टाळूवर अगदी हलका 'टक्' करायचा. तो इतका हलका असायचा की फक्त माझ्या हेडफोनमध्येच ऐकू यायचा. शाब्बास, असा त्याचा अर्थ.

"मी शिकागोला जाईन तेव्हा तुला घेऊन जाणार," तो म्हणायचा. "दुसऱ्या कुणाच्या हातावर माझा भरवसा नाही."

ट्रामने घरी जाताना तो कधीकधी मला सोबत करायचा, आमच्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत. त्यापुढे तेताला चालत नसे.

२

त्या शरद ऋतूत एका शनिवारी रात्री आमच्याच गल्लीच्या मागे माटिल्डा स्क्रिवान नावाच्या शिवणकाम करणाऱ्या विधवेचा कुणीतरी गळा दाबला. काही चोरीला गेलं नव्हतं. कुणी सापडलंही नाही. आमचे कार्यक्रमप्रमुख मिस्टर ओडेल यांनी हात चोळले आणि पुढच्या 'कबुली'साठी तोच खून घेतला.

तालमीच्या वेळी लायलने संहिता खाली ठेवली.

"चिमणे, इथे एक पक्षी घाल. कॅनरी. खुनी येऊन बसल्यावर त्याने थोडं गायचं. मग पिंजऱ्यावर कापड टाकल्याचा आवाज. पण पक्षी लगेच गप्प होत नाही. कापडाखाली जरा वेळ चिवचिवतो. मग गप्प."

"पेपरात पक्षीबिक्षी काही नाही," ओडेल म्हणाले.

"एकटी बाई आहे. पक्षी असणारच."

मी पाण्याची शिट्टी घेतली, लोकरी शालीखाली धरून वाजवली आणि हळूहळू बंद केली. हेडफोनमध्ये 'टक्' झालं. त्या आठवड्यात इतकी पत्रं आली की ओडेलनी मला स्वतः कॉफी आणून दिली.

सोमवारी मी झेलेंकांच्या किराणा दुकानात मैदा आणायला गेले. गल्ल्यावर एक पिंजरा होता. आत कॅनरी, पिसं फुगवून, भिंतीकडे तोंड करून बसलेली.

"कुणाची हो ही?"

झेलेंकाबाईंनी दुकानाच्या दाराकडे बघून घेतलं. "कुणाला बोलू नकोस, रुझा. स्क्रिवानबाईची. त्या सकाळी दूध द्यायला मीच आधी गेले होते ना? तिला बघितलं, आणि बाई गं, मला काही सुचेना. म्हटलं पोलीस येतील, हिला दाणापाणी कोण घालणार? पिंजरा उचलून आधी घरी आणून ठेवला आणि मग ओरडत सुटले."

"पोलिसांना सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? मेलेल्या घरातून पक्षी उचलला म्हणून? गप्प बसले ती बसलेच. आमच्या ह्यांनासुद्धा म्हटलं, बाजारातून आणली." मग त्या पुढे वाकल्या. "पण तुमच्या कार्यक्रमात पक्षी ऐकला आणि माझ्या हातातली कॉफी सांडली. तुम्हाला कसं कळलं गं? आणि ते कापडाचं? पिंजऱ्यावर तिचा एप्रन टाकलेला होता. मला वाटलं, तिनंच टाकला असेल."

मैद्याची पिशवी माझ्या हातातून निसटून गल्ल्यावर आपटली. कॅनरीने मान वळवून माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

३

योगायोग असतात. कॉलेजात आम्हाला तर्कशास्त्र होतं, त्याचा मी त्या आठवड्यात भरपूर वापर केला. एकट्या बायका पक्षी पाळतात. संध्याकाळी पिंजरा झाकतात. लायल कलावंत आहे, कलावंताला असं सुचतं. मी आमच्या गल्लीच्या कोपऱ्याचा विचार मात्र टाळला. तिथून स्क्रिवानबाईच्या घराचं धुराडं दिसतं.

मी त्याला विचारलं. हसत हसत विचारायचं ठरवलं होतं, पण आवाज चिरकला.

तो रागावला नाही. कॉफी ढवळत राहिला. "कान लागतो, चिमणे. रिकाम्या खोलीत उभं राहिलं की खोली सांगते. तुलाही तो कान आहे." मग चमचा बशीत ठेवून म्हणाला, "मला त्या माणसाचं वाईट वाटतं."

"कुणाचं?"

"ज्याने हे केलं त्याचं. सगळं शहर त्याच्याबद्दल बोलतंय, आणि त्याचं नाव कुणाला माहीत नाही. एवढं सगळं करायचं, आणि टाळी माझ्या वाट्याला."

मी हसले. मला हसायला हवं होतं असं वाटलं.

त्याच सुमारास एका संध्याकाळी तेता स्वयंपाक करताना म्हणाली, "आज रेडिओ कंपनीचा माणूस आला होता. तार तपासायला. इतका सभ्य! पण घसा बसलेला बिचाऱ्याचा, गळ्याला गुंडाळून आला होता, नुसता कुजबुजत होता. खसखस भरलेले गोड पाव, कोलाचे, दिले, दोन खाल्ले. आणि आपलं घड्याळ त्याला एवढं आवडलं, की वाजेपर्यंत बसून राहिला. चर्चमध्ये बसतात ना, तसा."

"तारेचं काय म्हणाला?"

"तार ठीक आहे म्हणाला. आमचा रेडिओ झेलेंकांच्या त्या खोकणाऱ्या डब्यासारखा थोडाच आहे!"

तेताला पाहुणे फार आवडायचे. मी मैदा चाळत होते, चाळता चाळता हो-हो म्हणत राहिले.

४

पुढची संहिता लायलने स्वतः लिहून आणली. गाजलेला खून नव्हे. कधी न झालेला. ओडेल आधी कुरकुरले, पण पत्रांचा ढीग बघून मान डोलावली.

आवाज त्याने मला एकेक करून सांगितले, आणि मी आठवडाभर ते एकेक करून बनवले. फाटक हवं, पण सरळ उघडणारं नको. आधी अडकणारं, मग सुटून लोखंडावर आपटणारं. ते मी ओव्हनच्या जाळीचं केलं. लाकडी पायऱ्या, मधली कण्हणारी. ती जुन्या खुर्चीला राळ चोळून साधली. खाली घासणारं दार. उकळायच्या आधी झाकण थरथरवणारी किटली. आणि शेवटी एक घड्याळ, ठोके देण्याआधी श्वास घेणारं. या घड्याळाने मला दमवलं. अखेर फाटक्या भात्यातून हवा सोडली आणि मागून पितळी ताटलीवर काठी मारली. मला माझाच अभिमान वाटला.

आमचं काम असंच असतं. हातात जाळी असते, खुर्ची असते, भाता असतो. फाटक, पायरी, घड्याळ यांपैकी काहीच नसतं. आणि आपण कान लावतो तो नकलेकडे, मूळ वस्तूकडे नाही.

शुक्रवारी सलग तालीम झाली. दिवे मंद केले. मी फाटक केलं. पायऱ्या केल्या. दार. किटली. मग भाता दाबला, आणि ताटलीवर काठी मारणारच होते तेवढ्यात माझा हात हवेतच राहिला.

मी घरी पोचले होते.

रोज संध्याकाळी मी ज्या क्रमाने घरी जाते तोच क्रम. आमचं फाटक अडकतं. आमची मधली पायरी कण्हते, तेता तिला 'आजोबा' म्हणते. दार खाली घासतं. आणि आमचं घड्याळ, आईने बोहेमियातून मांडीवर घेऊन आणलेलं, वाजण्याआधी श्वास घेतं. हा आवाज ऐकायला आत, स्वयंपाकघरात बसावं लागतं. लायल कधी आत आलेला नव्हता.

आणि मग मला तेताचा पाहुणा आठवला. घसा बसलेला. गळ्याला गुंडाळलेला. ज्याला आपला आवाज ओळखू येऊ द्यायचा नव्हता असा.

"चिमणे," इंजिनियरच्या खोलीच्या काचेपलीकडून लायल म्हणाला, "ठोका राहिला."

५

मी ओडेलकडे गेले. सगळं सांगितलं. पक्षी, एप्रन, घड्याळ. सांगताना मला स्वतःलाच ते हास्यास्पद वाटत गेलं. ओडेलनी सिगार विझवला.

"पोरी, तू रात्री झोपतेस ना नीट?"

"मिस्टर ओडेल, माझी मावशी घरी एकटी असते."

"आणि लायल शनिवारी कुठे असतो? इथे. अख्ख्या नेब्रास्काला ऐकू येईल असा इथे. त्याच्याइतका पुरावा कुणाकडे आहे? घड्याळाचं तूच त्याला कधीतरी सांगितलं असशील. तुम्ही मुली बोलता खूप."

मी सांगितलं होतं का? मला आठवेना. आणि आठवत नाही म्हटल्यावर, सांगितलं असेलही, असं वाटायला लागलं.

"हे आपल्यातच राहू द्या," मी म्हणाले.

"अर्थात," ओडेल म्हणाले.

शनिवारी दुपारी लायल माझ्या टेबलापाशी आला आणि भाता हातात घेऊन बघायला लागला.

"मला खुनी म्हणालीस म्हणे."

मी टेबलावरच्या करवंट्या सारख्या करायला लागले.

"अगं, लाजतेस काय? एवढं कौतुक माझं आजवर कुणी केलं नाही." त्याने भाता अलगद खाली ठेवला. "घड्याळाचं तूच सांगितलंस, कॉफी पिताना. विसरलीस. असो. मी रुसलो नाही. उलट ओडेलला पटवलंय, आज शेवटी तुझं नाव घ्यायचं. 'आवाज, रुझेना कालिना.' आवाजवाल्याचं नाव आजवर कधी घेतलंय का कुणी? आपलं नाव हवेतून सगळ्या घरांत शिरलं की काय वाटतं ते बघ एकदा."

त्याचे डोळे पाणावले होते, खरोखर. मला रडू आलं. मी त्याला सॉरी म्हणाले.

तरीही सकाळीच मी एक गोष्ट करून ठेवली होती. तेताला सांगितलं होतं, आज संध्याकाळी झेलेंकांकडेच बस, माझं ऐक, का ते विचारू नकोस.

"त्या खोकणाऱ्या डब्यावर ऐकू?" ती म्हणाली.

"हो."

"बरं बाई. ऐकते खोकला."

६

पहिला अर्धा भाग छान झाला. लायल आम्हा सगळ्यांसमोर, मोठ्या माइकपाशी होता. मग साबणाची जाहिरात, मग वाद्यवृंद. लायलने मफलर सारखा केला, माझ्याकडे बघून डोळा मिचकावला आणि कॉरिडॉरच्या अंधारात न्हाणीघराकडे गेला. वाद्यवृंद बराच वेळ वाजला. मग हेडफोनमध्ये त्याचा आवाज आला. खोल, ओला, फरशांचा.

"मी फाटकापाशी उभा आहे."

मी जाळी आपटली. तो थांबला, पुढे बोलू लागला. मी पायऱ्या केल्या. तो थांबला, पुढे गेला. सगळं बिनचूक होतं, तरी काहीतरी चुकत होतं. मग कळलं. 'टक्' येत नव्हतं. फाटकानंतर नाही, पायरीनंतर नाही, दारानंतर नाही.

रुसलाय, मी स्वतःला सांगितलं. रुसलो नाही म्हणाला, पण रुसलाय.

"तिने किटली ठेवली आहे," आवाज म्हणाला. मी झाकण थरथरवलं. "तिची माझ्याकडे पाठ आहे. भिंतीवर एक जुनं घड्याळ आहे."

इथे माझा भाता. मी त्यावर हात ठेवला आणि दाबला नाही.

असं मी आजवर कधीच केलं नव्हतं. का केलं ते आजही नीट सांगता येणार नाही. मला त्याला फक्त थांबलेलं ऐकायचं होतं. माझा आवाज चुकला की लायल वाट बघायचा, एखादं वाक्य घालून मला सावरून घ्यायचा. त्याच्याइतकं कुणीच मला सांभाळून घेतलं नव्हतं.

घड्याळापुरती शांतता गेली. नुसती रिकामी शांतता.

"ऐकलंत?" आवाज म्हणाला. "श्वास घेतं, आणि मग वाजतं. ऐकलंत कसं वाजलं?"

काहीच वाजलं नव्हतं.

काचेपलीकडे इंजिनियर माझ्यावर डोळे वटारत होता. मी हेडफोन काढला, टेबल सोडलं आणि पळाले.

न्हाणीघराच्या दाराला कडी नव्हती. कधीच नसावी. त्याच्या दंडकानेच सगळ्यांना बाहेर ठेवलं होतं. मी दार ढकललं. टबवर फळी टाकलेली होती, फळीवर तबकडी यंत्र, आणि त्यावर काळी मोठी तबकडी फिरत होती. शिकागोला नमुना पाठवायचा म्हणून त्याने ती त्याच आठवड्यात स्टेशनच्याच यंत्रावर आपल्या आवाजात मुद्रित करून घेतली होती. अशा तबकडीत पाव तास मावतो, आणि वाद्यवृंद वाजत होता तेवढा सुरुवातीचा वेळ तिच्यात नुसती शांतता होती. समोर स्टुलावर माइक. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

"मी आता तिच्या अगदी मागे आहे," रिकाम्या खोलीत लायल म्हणाला, आणि थांबला, माझ्यासाठी.

७

कॉरिडॉरमध्ये टेलिफोन होता. आमच्या घरी टेलिफोन नाही; झेलेंकांच्या दुकानात आहे.

"झेलेंकाबाई, तेताला द्या! लवकर द्या!"

"अगं, ती गेली की घरी. तुमच्या स्टेशनातून फोन आला होता. म्हणे आज तुझं नाव घेणार रेडिओवर! ती कसली थांबते? म्हणाली, पोरीचं नाव काय खोकल्यातून ऐकू? आपल्या डब्यावर ऐकते. नाचत गेली बघ."

"फोन कुणाचा होता?"

"नाव नाही सांगितलं. घसा बसलेला होता बिचाऱ्याचा."

मी काय ओरडले ते मला आठवत नाही. माणसं पाठवा, एवढं त्यांना कळलं. पण झेलेंका आणि त्यांचे मुलगे आमच्या चेक लोकांच्या सभागृहात होते, त्यांना बोलावून आणायचं, मग गल्ली ओलांडायची. आणि तेता आत्ता, या क्षणी, रेडिओसमोर खुर्ची ओढून बसलेली असणार, दाराकडे पाठ करून, माझ्या नावाची वाट बघत. ते नाव त्याने आमिषाला लावलं होतं. माझं नाव.

तिच्यापर्यंत पोचणारी एकच वाट उघडी होती, आणि तिच्या टोकाला आवाजवाल्याला तोंड नसतं हा नियम उभा होता.

मी न्हाणीघरात परत गेले. तबकडीवरची सुई उचलली. एक लांब ओरखडा सगळ्या नेब्रास्काला ऐकू गेला असेल. मग मी स्टुलावरच्या माइकशी तोंड नेलं आणि आमच्या घरच्या भाषेत बोलले. ती तेताला कळते, लायल मेरिकला कळत नाही.

"तेता, मी रुझा. मागे बघू नकोस. ऊठ आणि मागच्या दाराने झेलेंकांकडे पळ. काही घेऊ नकोस. दार वाजलं तरी उघडू नकोस. तो रेडिओवाला माणूस वाईट आहे. ऊठ, तेता. उठलीस का? तेता, मी आहे. मी बोलतेय. पळ."

माझाच आवाज फरशांवरून माझ्याकडे परत येत होता, विहिरीतून आल्यासारखा. मी बोलत राहिले. थांबले तर ती तिथे एकटी पडेल असं वाटत होतं. ओडेलनी येऊन माझा खांदा ओढला, इंजिनियरने तार उपटली, तरी मी बोलतच होते.

८

तेता वाचली. ती मागच्या अंगणातल्या आलुबुखाऱ्याच्या झाडाआड पोचली, तेव्हा पुढचं फाटक अडकलं आणि सुटून आपटलं.

"आणि तू पळाली का नाहीस पुढे?" मी तिला नंतर कितीदा विचारलं.

"पाय नाही हलले गं. आणि माझी किटली होती आत."

तिथून स्वयंपाकघराची खिडकी दिसते. तिने जे बघितलं ते ती एकदाच बोलली, आणि पुन्हा कधी नाही. तो आत आला. तिची खुर्ची रिकामी बघून त्याला नवल वाटलं नाही. रेडिओतून मी बोलत होते, तिला कळणाऱ्या आणि त्याला न कळणाऱ्या भाषेत. त्याने मान कलती करून थोडा वेळ ऐकलं. मग खुंटीवरचा तिचा एप्रन काढला आणि अलगद, घडी न मोडता, रेडिओवर टाकला.

मी त्याखाली जरा वेळ बोलत राहिले. मग गप्प झाले. तेव्हा तार उपटली गेली असणार.

मग तो तिच्या खुर्चीवर बसला. त्याचे ओठ हलत होते. मी सुई उचलली होती तिथूनच पुढे तो रिकाम्या स्वयंपाकघराला सगळं म्हणून दाखवत होता. मधेमधे थांबायचा, बोट जरा वर करून. कुणाची तरी वाट बघितल्यासारखा. मग जिभेने काहीतरी करायचा. तेताला काचेतून ते ऐकू आलं नाही.

झेलेंकांचे मुलगे खाटकाच्या कारखान्यातले, दांडगे. ते आत घुसले तेव्हा त्याने वर बघितलं आणि विचारलं, "कसं झालं?"

खटल्याला कोर्टाबाहेर रांगा लागायच्या. बायका त्याला हार घालायच्या बेतात असायच्या. कॉफीच्या दुकानातली ती पोरगी पुढच्या बाकावर बसायची. आता त्याचा चेहरा सगळ्यांना माहीत होता. झेलेंकाबाईंनी रडत रडत पक्ष्याचं सांगितलं. ओडेलनी सांगितलं की त्यांना पहिल्यापासून संशय होता.

शेवटी न्यायाधीशांनी त्याला विचारलं, काही बोलायचंय का. तो उठला. पण बोलायच्या आधी त्याने माझ्याकडे बघितलं आणि तो थांबला. ती त्याची थांबण्याची पद्धत मला झोपेतही ओळखू येईल. माझे हात मांडीवर आपोआप हलले. माझ्याजवळ काहीच नव्हतं, ना भाता, ना ताटली.

"मी नुसता बोललो," तो म्हणाला, त्या आवाजात, मानेवर ऐकू येणाऱ्या. "फाटक तिने केलं. पायऱ्या तिने केल्या. स्क्रिवानबाईचा पक्षी तिने गप्प केला, तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. मला त्या गल्लीत तिनेच नेलं. माझं नाव घ्याल तेव्हा तिचंही घ्या. मी तिला शब्द दिला होता." आणि माझ्याकडे वळून, सगळ्या कोर्टाला ऐकू जाईल अशा बेताने, त्याने सावकाश म्हटलं, "आवाज, रुझेना कालिना."

दुसऱ्या दिवशी ते शिकागोच्या पेपरांत होतं. त्याच्या फोटोशेजारी माझा, कॉलेजातला, कुणी दिला कुणास ठाऊक. पोलिसांनी मला पुन्हापुन्हा बोलावलं आणि शेवटी सोडलं, पण लोकांनी सोडलं नाही. अजूनही पत्रं येतात. काहींत शिव्या असतात. काहींत माझी सही मागितलेली असते.

झेलेंकाबाईंना तो पक्षी आता बघवत नाही, म्हणून तेताने तो आमच्याकडे आणला. तो गात नाही. संध्याकाळी तेता एप्रन घेऊन पिंजऱ्यापाशी जाते, थबकते, आणि तो पुन्हा खुंटीला लावून ठेवते. पिंजरा आम्ही झाकत नाही. मग घड्याळ श्वास घेतं, आणि आम्ही दोघी, हातातलं काम तसंच धरून, त्याने वाजावं म्हणून थांबतो.

काल ते वाजल्यावर पिंजऱ्यातून, अगदी हलकं, 'टक्' असं झालं.

"दाणा फोडला त्याने," तेता म्हणाली.

मी हो म्हणाले. दाण्यांची वाटी सकाळपासून तशीच भरलेली होती.